उसना डाग

मी बोटं रंगवते. नखं नव्हे, अख्खी बोटं. कुणाचं बोट यंत्रात जातं, कुणाचं दारात चेंगरतं, कुणाला जन्मापासूनच नसतं. अशांना आमच्या कारखान्यात सिलिकॉनची बोटं, पंजे, कान, कधी नाकसुद्धा करून मिळतं. साचे दुसरे काढतात, नखं तिसरेच बसवतात, पण कातडीचा रंग जुळवायचा तो मी. खऱ्या बोटाशेजारी माझं खोटं बोट ठेवलं की सख्ख्या आईलाही ओळखू येऊ नये, अशी माझी ख्याती आहे. मालक नवीन माणसाला माझ्या टेबलापाशी आणतात आणि म्हणतात, "ही आमची नजर." मी मान खाली घालते आणि आतून टम्म फुगते.

आता गंमत ऐका. या नजरेच्या स्वतःच्या अंगावर कोड आहे. दोन्ही हातांवर, डोळ्यांभोवती, ओठांच्या कडेला. कॉलेजात असताना अंगठ्याच्या बुडाशी तांदळाच्या दाण्याएवढा पहिला डाग उठला, आणि मग आगंतुकांनी घर धरावं तसे एकेक येत गेले. गेला मात्र एकही नाही. मलमं झाली, गोळ्या झाल्या, हे खाऊ नको, ते पिऊ नको, सगळं झालं. आईने तर एकच औषध शेवटपर्यंत चालू ठेवलं, "बाह्या खाली ओढ."

पुढे या कारखान्यात लागले आणि चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या आल्यासारखं झालं. माझ्या उरल्यासुरल्या मूळ रंगाशी तंतोतंत जुळणारा लेप मी स्वतःसाठी घोटला. तो पाण्याला दाद देत नाही, घामाला देत नाही. फक्त तेल लागलं की सुटतो. रोज सकाळी न्हाणीघराला आतून कडी घालून मी तो हातांना आणि तोंडाला लावते आणि मगच माणसांत येते.

नवऱ्याला माहीत आहे, अर्थातच. तो म्हणतो, "मला काही फरक पडत नाही." याचाही मला राग येतो. माझं एवढं मोठं दुःख, आणि या गृहस्थाला फरकच पडत नाही!

कारखान्यात मात्र कुणालाही माहीत नव्हतं, आणि कळू द्यायचंही नव्हतं. जगाचा रंग जुळवणाऱ्या बाईला स्वतःचा रंग सांभाळता येत नाही, म्हटल्यावर दिव्याखाली अंधार म्हणून हसले असते सगळे. मालकांनी मला गिऱ्हाइकांसमोर आणणं बंद केलं असतं, मागच्या खोलीत साचे धुवायला बसवलं असतं. निदान माझी तरी तशी खात्री होती. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि एक दिवस ती आली.

जवळच्या तलावावर पोरांना पोहायला शिकवणारी बाई. खांद्याला ओली पिशवी, केस ओले, बिनबाह्यांचा सदरा. डाव्या हाताची तीन बोटं तलावाच्या पंपाच्या पट्ट्याने नेलेली. पण बोटांकडे आधी कुणाचं लक्षच गेलं नाही, कारण बाईच्या गळ्यावर, दंडांवर, दोन्ही हातांवर, कपाळावर आणि हनुवटीवर पांढरे स्वच्छ डाग होते. माझ्यासारखेच. माझ्याहून जास्तच. एकावरही काही लावलेलं नव्हतं.

कारखान्यातली सगळी माणसं बघत राहिली, आणि तिने त्यांना बघू दिलं. आमचा साचेवाला तोंडाचा फटकळ. तो म्हणाला, "बाई, हे भाजलं का काय?"

"नाही हो, कोड आहे," ती म्हणाली. "पोरं मला जिराफबाई म्हणतात. मान तेवढी लांब मिळाली असती तर तलावाच्या पलीकडचंही दिसलं असतं."

सगळे हसले. साचेवाला हसला, नखं बसवणारी हसली, मालकसुद्धा हसले. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मला कुणी जिराफ म्हटलं असतं तर मी घराबाहेर पडले नसते, आणि ही बाई ते नाव बक्षीस मिळाल्यासारखं मिरवत होती!

मालकांनी तिला माझ्यापुढे आणून बसवलं. "ही आमची नजर," ते म्हणाले आणि निघून गेले.

रंग जुळवायचा आमचा एक रिवाज आहे. खिडकीच्या उजेडात बसायचं. हातमोजे घालायचे नाहीत, कारण निळा मोजा शेजारी असला की नजर फसते. माणसाचा चांगला हात आधी स्पिरिटने पुसायचा, मग आपल्या डाव्या हातात धरायचा आणि रंगवलेल्या सिलिकॉनचे ठिपके त्याच्या कातडीवर ठेवत जायचं. जो ठिपका दिसेनासा होतो, तो त्या माणसाचा रंग.

मी तिचा हात पुसला नाही. खरं सांगायचं तर धरावासाच वाटत नव्हता. इतकी वर्षं दुसऱ्या कुणाचा तसला हात मी इतक्या जवळून पाहिला नव्हता. आरशात बघितल्यासारखं वाटत होतं, आणि आरशातली बाई मजेत होती.

"घाई नाही ना?" ती म्हणाली. "हात जरा ओशट आहे माझा. पाण्यातून निघाल्यावर तेल चोळते, नाहीतर कातडीचा पापड होतो."

"चालेल," मी म्हणाले. माझ्या जागी शुद्धीवरचं कुणी असतं, तर तेल हा शब्द ऐकूनच सावध झालं असतं. पण माझ्या अंगाची लाही झाली होती. मला तिला बोलतं करायचं होतं. कुठेतरी हिचंही दुखत असणारच, ते नेमकं कुठे, एवढंच मला हवं होतं.

"लहान मुलं घाबरत असतील नाही?" मी अगदी मधाळ आवाजात विचारलं.

"डागांना? छे! पहिल्या दिवशी विचारतात. मी सांगते, माझा रंग पोहता पोहता निघून गेला, सापडला तर आणून द्या. मग तळाशी बुड्या मारतात बिचारी. श्वास धरायला आपोआप शिकतात." ती हसली आणि मग तिने डावा हात मांडीवर पालथा केला. "याला मात्र घाबरतात. नवीन पोरं हात धरत नाहीत. आणि हात धरला नाही तर मी त्यांना पाण्यात उतरवू कशी? म्हणून आले."

"आणि घरी?" मी सोडते थोडीच. "घरी काही म्हणत नाहीत?"

"सासूबाई म्हणायच्या सुरुवातीला. मग त्यांना पोहायला शिकवलं. आता पाण्याबद्दलच बोलतात." तिने माझ्याकडे वाकून बघितलं. "एक करा हं. नव्या बोटांवर डागही करा. नाहीतर उसनी वाटतील."

आजवर माझ्याकडे लोक डाग घालवायला आलेले. तीळ नको, व्रण नको, सुरकुती नको. डाग मागणारी ही पहिलीच. मी घसा खाकरून विचारलं, "गेलेल्या बोटांवर कुठे कुठे होते?"

"कोण जाणे!" ती खरोखरच आठवू लागली. "करंगळीवर मोठा होता. अनामिकेवर नखापाशी काहीतरी होतं... की तो या हाताचा? लक्षातच नाही हो."

लक्षातच नाही! मला माझा एकेक डाग तोंडपाठ आहे. कुठला कधी आला, कुठला गेल्या वर्षी किती होता, कुठल्याची कड अजून सरकते आहे. अंधारातसुद्धा मी बोट ठेवून दाखवेन. आणि या बाईला स्वतःचे डाग आठवत नाहीत. तेव्हा जो जळफळाट झाला माझा, तसा कुणाच्या गोऱ्या गालांनी किंवा रेशमी हातांनी आयुष्यात कधी झाला नव्हता. नितळ कातडीचा हेवा जुना होता, त्याची सवय झाली होती. पण माझंच दुखणं घेऊन कुणी इतकं सुखात राहावं, हे काही मला सोसेना.

मी तिचा हात डाव्या हातात घट्ट धरला होता. मी तिच्या हाताच्या पाठीवर, दोन डागांच्या मधल्या तपकिरी पट्टीवर भराभर ठिपके ठेवले. चौथ्या ठिपक्याला रंग जुळला. इतक्या लवकर कधी जुळत नाही. मीच मनात म्हटलं, बघ, रागातसुद्धा नजर चुकत नाही आपली.

उठता उठता तिने माझ्या हाताकडे पाहिलं. "तुमचे हात किती छान आहेत हो," ती म्हणाली. "एकसारखे."

मी हात लगेच मागे घेतला नाही. उजेडात तसाच ठेवला, थोडा वळवलासुद्धा. माझ्या हातांकडे कुणी त्या नजरेने बघण्याची ती पहिलीच वेळ होती.

त्या रात्री जेवताना नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग तूही लावू नकोस." जसं काही भाजीत मीठ घालू नकोस! मी त्याच्याशी बोलणं टाकलं.

तेव्हापासून मी जिराफबाईला पाण्यात पाहू लागले. ती रोज पाण्यातच असते हा भाग वेगळा. दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर वाट वाकडी करून तलावावर गेले आणि जाळीला नाक लावून उभी राहिले. कुठेतरी एकटी बसून डोळे पुसत असेल, निदान टॉवेल तरी गुंडाळून घेत असेल. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं बघावं वाकून, दुसरं काय! पण ती नव्हतीच. काठावर बसलेली एक मुलगी म्हणाली, "बाईंना सर्दी झालीय." मला बरं वाटलं. चला, जिराफालाही सर्दी होते.

बोटं तयार झाली. डाग शेवटी करायचे म्हणून नुसत्या तपकिरी रंगाची तीन बोटं घेऊन मी बसले आणि ती आली. मालकही मागे येऊन उभे राहिले, कारण माझं काम बघायला त्यांना आवडतं.

मी बोटं तिच्या डाव्या हातावर चढवली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

रंग चुकला होता. थोडाथोडका नाही. तिचा रंग उन्हाने करपलेला, गडद, मातकट. बोटं उजळ आणि तांबूस. दुसऱ्याच कुणाची बोटं वाटत होती ती. साचेवाल्यालासुद्धा त्याच्या टेबलावरून दिसत असणार.

"हे काय?" मालक म्हणाले. "तुझ्या हातून?"

"उन्हात पोहून रापल्या असतील मधल्या काळात," मी म्हणाले. दुसऱ्यावर ढकलायला मला क्षणही लागला नाही. "मी घेतला तेव्हा हाच रंग होता."

मालकांनी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "हो, ऊन फार होतं. माझंच चुकलं, अंग झाकून घ्यायला हवं होतं."

मालक "पुन्हा रंग घे मग" म्हणून गेले. आणि मी काय, तिचे आभार मानावेत की नाही? नाही. मला तिचा आणखीच राग आला. डाग मिरवायचे ते मिरवायचे, वर खोटंही माझ्यासाठी बोलायचं! सगळा मोठेपणा एकट्या हिच्याच वाट्याला का?

तिने ती तीन बोटं काढली, त्यातलं एक उचललं आणि माझ्या हाताच्या पाठीवर ठेवलं.

ते दिसेनासं झालं. कड कुठे संपते आणि माझा हात कुठे सुरू होतो, ते मलाच कळेना. माझ्या आयुष्यातला सगळ्यात अचूक जुळवलेला रंग होता तो.

"त्या दिवशी घरी गेले तर माझा एक डाग नाहीसा झालेला," ती हळू आवाजात म्हणाली, म्हणजे टेबलापलीकडे ऐकू जाणार नाही इतक्याच हळू. "इथला, हाताच्या पाठीवरचा. आधी वाटलं, चमत्कार झाला. मग लक्षात आलं, तुमचा अंगठा होता तिथे. माझं तेल लागून तुमचा रंग सुटला असणार."

मी रंग जुळवला होता तो तिच्या कातडीशी नव्हे. तिच्या पांढऱ्या डागावर उतरलेल्या माझ्याच लेपाशी. चौथ्या ठिपक्याला जुळणार नाही तर काय!

"मग तेव्हाच का नाही बोललात?" मला एवढंच सुचलं.

ओल्या पिशवीचा बंद ती बोटाभोवती गुंडाळत राहिली.

"धुतला नाही मी तो," ती म्हणाली. "दोन दिवस. तेल लावलं नाही, पाण्यात उतरले नाही. पोरांना सर्दी म्हणून कळवलं. नुसती घरात बसून हाताकडे बघत होते. एवढासा तुकडा, पण... बोटं गेली तेव्हा मी इतकी रडले नव्हते. आणि तुमचा असा हेवा वाटला म्हणून सांगू! या बाईला रोज सकाळी हे मिळतं, असं वाटलं."

हेच मला हवं होतं, नाही का? कुठेतरी हिचंही दुखतं, ते नेमकं कुठे. ते सापडलं होतं आणि त्यावर माझ्याच अंगठ्याचा ठसा होता. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. माझा हेवा करणारी माणसं असतात, हे कळून इतकं ओशाळं वाटेल अशी कल्पना नव्हती. तिला काय माहीत, मला रोज सकाळी जे मिळतं ते आतून कडी लावून मिळतं!

"थांबा," मी म्हणाले.

रंग पुन्हा घ्यायचा तर हात उघडा हवा, आणि त्यावर काही असून चालणार नाही. काम दुसऱ्याला दिलं असतं तर प्रश्न मिटला असता. पण माझ्याकडून चुकलेलं बोट दुसऱ्याने सुधारायचं? ते तर मेले तरी झालं नसतं. मी कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेले, तेलाची बाटली घेतली, हात चोळले आणि साबणाने धुतले. तपकिरी पाणी गोल फिरून खाली गेलं. कोपरापर्यंत बाह्या वर घेतल्या, नाहीतर भिजल्या असत्या. मग आधी स्पिरिटने स्वतःचे हात पुसले, नंतर तिचे.

खिडकीच्या उजेडात आम्ही दोघी बसलो. तोंडाला लेप तसाच होता, त्यामुळे हात एका बाईचे आणि तोंड दुसऱ्या बाईचं, असं माझं ध्यान झालं असणार. तिने माझा हात उलटसुलट करून पाहिला, दुकानात कापड बघावं तसा.

"तुमचे डाग सुबक आहेत," ती म्हणाली. "माझे म्हणजे नुसती सांडलवंड."

"कडा माझ्या बऱ्या आहेत," मी म्हणाले. आणि ऐकून खोटं वाटेल, मला बरं वाटलं.

या खेपेला रंग जुळायला फार वेळ लागला. मिश्रण अर्ध्यावर असताना मागे मालकांची पावलं वाजली. हात टेबलाखाली नेण्याइतका वेळ होता. पण डाव्या हातात तिचा हात होता आणि उजव्या हातातल्या रंग कालवायच्या पात्यावर नुकताच लागत आलेला रंग. हात काढला असता तर सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं. मी हलले नाही.

मालक वाकले. चष्मा वर केला, खाली केला. तीन डागाळलेले हात उजेडात एकमेकांत अडकलेले, चौथा टेबलावर.

"यातला गिऱ्हाइकाचा कुठला?" त्यांनी विचारलं.

"ज्याची बोटं कमी आहेत तो," मी म्हणाले.

आधी जिराफबाई खुदकन हसली. मग साचेवाला आपल्या टेबलावरून हसला, म्हणजे कान देऊनच बसला होता मेला. मालक हसले नाहीत. ते बराच वेळ माझ्या हातांकडे बघत होते. मग म्हणाले, "यापुढे रंग घेताना हात धुऊनच बसायचं. पुन्हा असा घोळ नको." आणि गेले. इतकी वर्षं ज्या घटकेची मी भीती बाळगली ती येऊन गेलीसुद्धा, आणि मला कुणी साचे धुवायला सांगितलं नाही.

तिन्ही बोटं नव्या रंगाने रंगवून झाली. राहिले डाग. तिच्या उजव्या हातावर होते तसेच मी मधल्या बोटावर आणि करंगळीवर केले, कारण कोड पुष्कळदा दोन्ही हातांवर सारखंच उमटतं. अनामिकेचं मात्र जमेना. तिला आठवत नव्हतं आणि उजव्या अनामिकेवर काहीच नव्हतं. शेवटी मी माझी अनामिका शेजारी ठेवली. नखाच्या बुडाशी चंद्रकोर आणि तिच्या पोटात एक तपकिरी ठिपका, रंग न गेलेला. तो डाग मला कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आला होता. मी तो जसाच्या तसा तिच्या बोटावर उतरवला.

"अरे, हाच होता बहुतेक!" ती म्हणाली.

"नव्हता," मी म्हणाले. "तो माझा आहे."

"मग उसना घेते," ती म्हणाली आणि हात खिडकीपुढे धरून बोटं हलवल्यासारखं केलं.

जाताना दारात थांबून तिने विचारलं, "घरी जाताना परत लावणार?"

"लावणार," मी म्हणाले. खोटं कशाला बोलू? ती काही बोलली नाही. नवरा असता तर बोलला असता.

आता कारखान्यात मी हात उघडे ठेवून बसते. बाहेर पडताना अजूनही लावते. तोंडाचा लेप तर कुठेच निघालेला नाही.

परवा तलावावरून जात होते. जाळीपाशी थांबले. या वेळी ती होती. कंबरभर पाण्यात उभी राहून एका चिमुरडीला काठावरून खाली बोलावत होती. पोर रडत होती, नाही म्हणत होती, आणि मग तिने पुढे होऊन बाईचा डावा हात धरला. नेमकी अनामिका मुठीत आवळली आणि पाण्यात उतरली. चंद्रकोर तिच्या मुठीतून वर आलेली, ओली, उन्हात चमकणारी. सगळ्या तलावाला दिसत होती.

माझ्या हातावरची तीच चंद्रकोर त्या वेळी लेपाखाली होती, आणि वर बाही ओढलेली होती. आजवर मी पुष्कळ जणांवर जळले. पण आपल्याच डागावर जळायची वेळ येईल, असं कधी वाटलं नव्हतं.